आओस्ताचे खोरे : किल्ले, चर्च आणि भिंतींवरचा इतिहास

इटलीच्या वायव्य कोपऱ्यात, फ्रान्स आणि स्वित्झर्लंड या दोन देशांच्या सीमांना लागून, आल्प्स पर्वतराजीच्या कुशीत आओस्ताचे खोरे वसलेले आहे. क्षेत्रफळ सुमारे ३,२६० चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत. इटलीच्या वीस प्रांतांत हा प्रांत सर्वांत लहान होय. माँ ब्लाँ, मॅटरहॉर्न आणि मॉन्ते रोझा ही युरोपातील उत्तुंग शिखरे त्याच्या सीमेवर उभी आहेत. हिमनद्यांतून उगम पावणारी दोरा बाल्तेआ नदी हे खोरे उभे चिरीत पुढे मैदानात उतरते आणि पो नदीस मिळते. येथे येणारे बहुसंख्य प्रवासी बर्फाच्या ओढीने येतात आणि बर्फ पाहून परत जातात. परंतु नदीच्या दोन्ही तीरांवर, प्रत्येक वळणावरील टेकडीच्या माथ्यावर, कोठे मनोरा, कोठे तटबंदीचा वाडा, कोठे भक्कम किल्ला दिसत राहतो, तो काही केवळ निसर्गचित्राला शोभा आणण्यासाठी नव्हे. एवढ्याशा भूभागात इतके किल्ले का उभे राहिले, त्यांच्या शेजारची चर्च कोणी सजविली, आणि हे सारे आजवर टिकले तरी कसे, या प्रश्नांच्या उत्तरात एका लहान समाजाचा दोन हजार वर्षांचा इतिहास सामावलेला आहे.

दोन खिंडींमधला रस्ता

या इतिहासाचे मूळ रस्त्यात आहे. खोऱ्याच्या वरच्या टोकाकडे आल्प्स ओलांडणाऱ्या दोन प्राचीन खिंडी आहेत. २,४६९ मीटर उंचीवरील थोरली सेंट बर्नार्ड खिंड आजच्या स्वित्झर्लंडकडे उतरते, तर २,१८८ मीटर उंचीवरील धाकटी सेंट बर्नार्ड खिंड फ्रान्सकडे. रोमहून उत्तर युरोपात जाणारे सैन्य, व्यापारी आणि उलट दिशेने रोमच्या यात्रेस निघालेले भाविक यांना हा मार्ग सोयीचा होता. ज्याच्या हाती हा रस्ता, त्याच्या हाती जकात. आणि ज्याच्या हाती जकात, त्याच्या हाती खोऱ्याची सत्ता. घाटवाटांवरील किल्ले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे गणित निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

रोमनांपूर्वी येथे सालासी नावाची जमात नांदत होती. इ. स. पूर्व २५ मध्ये सम्राट ऑगस्टसच्या सेनापतीने तिचा पराभव केला. त्या वेळी शरण आलेल्या ३६,००० माणसांना आणि ८,००० योद्ध्यांना गुलाम म्हणून विकण्यात आले, असे भूगोलकार स्ट्रॅबोने लिहून ठेवले आहे. जिंकलेल्या भूमीवर ‘ऑगस्टा प्रेतोरिया’ हे नगर वसविण्यात आले आणि त्या ‘ऑगस्टा’चेच पुढे ‘आओस्ता’ झाले. नगराची कमान, तट आणि नाट्यगृहाची उंच भिंत आजही उभी आहे. खोऱ्याच्या तोंडाशी दोनास गावाजवळ रोमनांनी उभा कडा तासून काढलेला रस्ता तर विशेष पाहण्यासारखा आहे. दोनशे मीटरहून अधिक लांबीच्या या कातीव वाटेवर अखंड खडकातच एक कमान कोरलेली आहे. दगडावर गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या आजही स्पष्ट दिसतात. वाटेकडेच्या खडकातून कोरून काढलेला मैलाचा दगड आओस्ता येथून छत्तीस रोमन मैल दूर असल्याचे सांगतो.

रोमन साम्राज्य लयास गेले, पण रस्ता राहिला. अकराव्या शतकाच्या मध्यास आओस्ता येथील बर्नार्ड या धर्माधिकाऱ्याने थोरल्या खिंडीच्या माथ्यावर वाटसरूंसाठी धर्मशाळा स्थापन केली. खिंडीला नाव मिळाले ते त्याच्यामुळेच. हिमवादळात सापडलेल्यांचा शोध घेणारे तेथील कुत्रे पुढे जगप्रसिद्ध झाले. त्याच सुमारास, इ. स. १०३३ मध्ये, आओस्ता येथे अँसेल्म हा तत्त्वज्ञ जन्मला. तो या डोंगरांपलीकडे गेला आणि अखेरीस इंग्लंडमध्ये कँटरबरीचा आर्चबिशप झाला. हे खोरे दुर्गम होते खरे. परंतु ते जगापासून तुटलेले कधीच नव्हते.

सॅव्हॉय आणि शालाँ

अकराव्या शतकापासून या खोऱ्यावर सॅव्हॉय घराण्याचा अंमल बसत गेला. ११९१ मध्ये काउंट पहिल्या तोमाने आओस्ता नगराला सनद दिली. नगर त्याच्या संरक्षणाखाली आले आणि रहिवाशांच्या संमतीवाचून त्यांच्यावर कर लादणार नाही, असे वचन त्याने दिले. खोऱ्यातील लोक पुढील कित्येक शतके आपल्या हक्कांचा पाया म्हणून या सनदेकडे बोट दाखवीत आले. काउंट न्यायदानासाठी डोंगर ओलांडून येई, तेव्हा स्थानिक सरदारांनी आपापल्या किल्ल्यांच्या चाव्या त्याच्या हवाली कराव्यात, असा रिवाज होता. दरबार संपला म्हणजे चाव्या परत मिळत; पण किल्ला मुळात कोणाचा, हे त्यातून सर्वांच्या लक्षात राही.

या सरदारांत शालाँ घराणे सर्वांत प्रबळ. आओस्ताचे व्हायकाउंटपद त्यांच्याकडे वंशपरंपरेने होते. १२९५ मध्ये त्यांनी ते सॅव्हॉयच्या स्वाधीन केले, तरी त्यांचे सामर्थ्य कमी झाले नाही. खोऱ्यातील नामांकित किल्ल्यांपैकी बहुतेक याच घराण्याच्या निरनिराळ्या शाखांनी बांधले वा वाढविले. खालून वर, म्हणजे मैदानाकडून आओस्ता नगराकडे जाताना हे किल्ले ज्या क्रमाने लागतात, त्याच क्रमाने त्यांचा परिचय करून घेणे सोयीचे ठरेल.

बार्द आणि व्हेरेस : शक्तीचे किल्ले

खोऱ्याचे दार म्हणजे बार्दची खिंडार. येथे दोन्ही बाजूंचे कडे इतके जवळ येतात की नदी आणि रस्ता यांपलीकडे जागा उरत नाही. मधोमध उभ्या असलेल्या खडकावरील किल्ला १२४२ मध्ये सॅव्हॉयच्या काउंटने स्थानिक सरदाराकडून जिंकून घेतला. त्याची खरी कसोटी लागली ती १८०० च्या मे महिन्यात. थोरली सेंट बर्नार्ड खिंड ओलांडून सुमारे चाळीस हजारांच्या सेनेसह नेपोलियन खोऱ्यात उतरला, तेव्हा बार्दमधील अवघ्या चारशेच्या आसपास ऑस्ट्रियन शिबंदीने त्याच्या तोफखान्याची वाट जवळजवळ पंधरा दिवस अडवून धरली. किल्ला पडल्यावर नेपोलियनने तो जमीनदोस्त करविला. आज दिसणारा प्रचंड किल्ला १८३० ते १८३८ या काळात नव्याने बांधलेला आहे. त्याच्यावर पुढे कोणी हल्ला केलाच नाही. कोठार म्हणून वापरून झाल्यावर तो ओस पडला आणि २००६ मध्ये आल्प्स पर्वताचे संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुला झाला.

बार्दच्या वर व्हेरेसचा किल्ला आहे. इब्ले द शालाँ याने तो पूर्ण केला. दारावरील शिलालेखात १३९० हे वर्ष दिलेले आहे. मनोरे, बुरूज, अलंकरण यांतले काहीही येथे नाही. सुमारे तीस मीटर बाजूचा एक अजस्र दगडी ठोकळा खडकावर ठेवून द्यावा, तसा हा किल्ला दिसतो. भिंतींची जाडी अडीच मीटरच्या घरात आहे. आत चौकाभोवती कमानींवर पेललेला दगडी जिना फिरत वर जातो आणि बांधकाम करणाऱ्यांचे कसब दाखवितो. १५३६ मध्ये रने द शालाँ याने तोफांच्या युद्धाला तोंड देण्यासाठी त्यात फेरफार केले.

व्हेरेसशी निगडित असलेली कथा मात्र युद्धाची नसून वारशाची आहे. १४४२ मध्ये फ्रान्स्वा द शालाँ पुत्रहीन मरण पावला आणि त्याची कन्या कातरीन हिने मृत्युपत्राच्या आधारे वारसा सांगितला. स्त्रीला जहागीर मिळू नये, असे घराण्यातील इतर पुरुषांचे म्हणणे होते. १४४९ च्या मे महिन्यात कातरीन आपल्या पतीसह किल्ल्यावरून खाली गावच्या चौकात उतरली आणि गावकऱ्यांबरोबर तिने नृत्य केले, अशी हकिकत सांगितली जाते. पुढे १४५६ मध्ये तिला माघार घ्यावी लागली आणि जहागीर पुरुष वारसाकडे गेली. परंतु व्हेरेस गावाने लक्षात ठेवले ते कातरीनला. दरवर्षीच्या कार्निव्हलमध्ये आजही तिचे सोंग निघते. तिच्यावर मात करणाऱ्या नातलगाचे निघत नाही.

इस्सोन्ये : बाजारपेठेची चित्रे

व्हेरेसच्या समोर, नदीच्या पलीकडच्या तीरावर, इस्सोन्ये गावात शालाँ घराण्याचे दुसरे निवासस्थान आहे. बाहेरून पाहता हा किल्ला वाटतच नाही. मुळात ती आओस्ताच्या बिशपांची मालमत्ता. १३७९ मध्ये ती इब्लेकडे आली. तिला आजचे रूप दिले ते पंधराव्या शतकाच्या अखेरीस जॉर्ज द शालाँ याने. तो धर्माधिकारी होता, आओस्ताच्या संत ऑर्सो मठाचा प्रमुख होता आणि घराण्यातील एका विधवेचा व तिच्या अज्ञान मुलाचा पालकही होता. त्यांच्यासाठी त्याने हा वाडा उभारला. चौकाच्या मध्यभागी अष्टकोनी दगडी हौद असून त्यातून लोखंडात घडविलेले डाळिंबाचे झाड वर आले आहे. त्याच्या फांद्यांतून पाणी ठिबकते. डाळिंबाच्या या झाडाला पाने मात्र ओक वृक्षाचीही आहेत.

तथापि इस्सोन्येचे खरे वैभव चौकालगतच्या ओवरीत आहे. तेथील अर्धवर्तुळाकार भिंतींवर सरदारांच्या स्वाऱ्या किंवा लढाया रंगविलेल्या नाहीत. तेथे आहे बाजारपेठ. शिंपी कापड बेतीत आहे, बायका भाजीपाल्याच्या आणि फळांच्या राशींपुढे घासाघीस करीत आहेत, भटारखान्यात पाव भाजला जात आहे, खाटीक मांस तोडीत आहे. औषधविक्याच्या दुकानात फळ्यांवर बरण्या मांडून ठेवल्या आहेत आणि फाटक्या कपड्यांतला एक गडी खलबत्त्यात काही कुटीत बसला आहे. वाण्याच्या दुकानात मांडलेली चीजची चाके फोन्तिना या स्थानिक चीजची असून, त्याचे हे सर्वांत जुन्या चित्रांपैकी एक मानले जाते. देवडीवरचे शिपाई शस्त्रे भिंतीला टांगून खेळात दंग झाले आहेत. पाचशे वर्षांपूर्वी आल्प्समधील सामान्य माणूस काय खात होता, काय नेसत होता, कोणत्या हत्यारांनी काम करीत होता, याचा इतका जिवंत पुरावा क्वचितच कोठे मिळेल. समृद्धी आणि शांतता आपल्या घराण्यामुळे नांदते, हे सांगण्यासाठी जॉर्जने ही चित्रे काढवून घेतली असावीत. आज मात्र पाहणाऱ्याचे लक्ष खिळून राहते ते त्या खलबत्त्याच्या गड्यावर.

याच वाड्याच्या भिंतींवर आणखी एक अमोल ठेवा आहे. पाहुणे, नोकरचाकर आणि घरची माणसे यांनी टोकदार वस्तूने गिलाव्यावर कोरलेल्या शेकडो ओळी तेथे आढळतात. भाषा फ्रेंच किंवा लॅटिन. कोणी आल्याची नोंद केली आहे, कोणी पैशाच्या चणचणीविषयी उसासा टाकला आहे, कोणी प्रेम, कोणी थट्टा. एका ओळीत १५६५ मध्ये रने द शालाँ मरण पावल्याची नोंद आहे. रनेला पुत्र नव्हता. त्याच्या मुलींच्या वारसाहक्कावरून पिढ्यान् पिढ्या दावे चालले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शालाँ घराणेच संपुष्टात आले आणि इस्सोन्ये हस्ते परहस्ते जाऊ लागले.

१८७२ मध्ये तूरिनचा चित्रकार व्हित्तोरिओ आव्होंदो याने हा वाडा लिलावात विकत घेतला. त्याने त्याचा बंगला केला नाही. विखुरलेले जुने सामान जमेल तेवढे परत मिळविले, जे मिळाले नाही त्याच्या जागी जुन्या वळणाचे सामान मांडले, चित्रे जपली आणि १९०७ मध्ये सारा वाडा इटलीच्या सरकारला देऊन टाकला.

फेनिस : भुईकोट

खोऱ्यात आणखी वर फेनिस लागते. चित्रांतून आणि टपाल तिकिटाएवढ्या छायाचित्रांतूनही ओळखू येणारा हा किल्ला मोक्याच्या टेकडीवर नसून जवळजवळ सपाट जमिनीवर आहे. भुईकोटच म्हणावयाचा. दुहेरी तट, अनेक बुरूज आणि कंगोरे असे त्याचे रूप पाहून तो अभेद्य असेल असे वाटते. पण वस्तुतः त्याचा हेतू लढण्यापेक्षा दबदबा दाखविण्याचाच अधिक होता. चौदाव्या शतकात एमॉन द शालाँ याने आणि त्यानंतर त्याचा पुत्र बोनिफास याने त्याला आकार दिला.

आतील चौकात अर्धवर्तुळाकार दगडी जिना आहे आणि त्याच्या माथ्यावर ड्रॅगनचा वध करणारा संत जॉर्ज रंगविलेला आहे. ही चित्रे तूरिनचा चित्रकार जाकोमो जाक्वेरिओ याच्या परंपरेतील मानली जातात. वरच्या लाकडी सज्जांमागील भिंतींवर ऋषितुल्य पुरुषांची रांग असून प्रत्येकाच्या हाती एक पट्टी आहे आणि तिच्यावर जुन्या फ्रेंच भाषेत एकेक नीतिवचन लिहिलेले आहे. किल्ल्यातील प्रार्थनागृहात मेरी मातेने आपला झगा पसरला असून त्याच्या आश्रयाला एका बाजूस धर्माधिकारी आणि दुसऱ्या बाजूस संसारी लोक उभे आहेत.

या वैभवाची पुढे जी दशा झाली, ती ऐकण्यासारखी आहे. कर्जामुळे १७१६ मध्ये शालाँ घराण्याला फेनिस विकावे लागले. त्यानंतर किल्ल्यात शेतकऱ्यांनी बिऱ्हाडे थाटली. दालनांत गवत आणि धान्य साठविले गेले, खालच्या भागात गुरे बांधली गेली. १८९५ मध्ये लिस्बन येथे जन्मलेला आणि इटलीत स्थायिक झालेला चित्रकार-वास्तुविशारद आल्फ्रेदो द’आन्द्रादे याने किल्ला घेतला, त्याची डागडुजी सुरू केली आणि पुढे तो सरकारला अर्पण केला. त्याआधी, १८८४ च्या तूरिन प्रदर्शनासाठी द’आन्द्रादे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जे मध्ययुगीन गाव उभारले, त्यात फेनिसच्या चौकाची आणि इस्सोन्येच्या डाळिंबाच्या झाडाची प्रतिकृती होती. इटलीतील सामान्य लोकांना या किल्ल्यांची ओळख झाली ती बव्हंशी तेथूनच. एकोणिसाव्या शतकातील या मंडळींनी मध्ययुगाकडे काहीशा स्वप्नाळू नजरेने पाहिले, हेही खरे. आज फेनिसमध्ये दिसणारे लाकडी सामान मूळचे नाही, ते विसाव्या शतकात आणून ठेवलेले आहे. प्रवाशाने हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुरे.

आओस्ता नगरातील चर्च

किल्ल्यांचा प्रवास आओस्ता नगरात येऊन थांबतो आणि तेथे जॉर्ज द शालाँ याची पुन्हा गाठ पडते. संत ऑर्सो हा लाकडाचे जोडे गोरगरिबांना वाटणारा साधू होता, अशी लोककथा आहे. जानेवारीच्या अखेरच्या दोन दिवशी त्याच्या नावाने भरणाऱ्या जत्रेत खोऱ्यातील सुतार आणि कारागीर आजही आपले लाकडी काम मांडतात. त्याच्या नावाच्या मठाची ओवरी बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील असून तिच्या कोरीव स्तंभशीर्षांवर बायबलमधील प्रसंगांबरोबर कोल्हा आणि करकोचा यांची इसापची गोष्टही कोरलेली आहे. मठात कोरीव लाकडी आसने आणि भाजलेल्या मातीच्या नक्षीने सजविलेली प्रमुखाची वास्तू आहे, ती जॉर्जच्याच काळातील.

जॉर्जच्या काळातच या चर्चच्या सपाट लाकडी छताखाली नव्या दगडी कमानी बांधण्यात आल्या. त्यामुळे मूळ भिंतींचा वरचा पट्टा माळ्यावर, अंधारात गेला. त्या पट्ट्यावर अकराव्या शतकाच्या पूर्वार्धातील भित्तिचित्रे होती. कमानींच्या खालची चित्रे काळाच्या ओघात नष्ट झाली. वरची मात्र झाकली गेल्यामुळेच वाचली. गालिली सरोवरातील वादळ, प्रेषितांची बलिदाने असे त्यांचे विषय आहेत. कॅथीड्रलमध्येही हेच घडले आणि तेथेही माळ्यावर त्याच काळातील चित्रे जपली गेली. ती पाहण्यासाठी आज प्रवाशाला अरुंद लाकडी जिन्यांनी छताखाली चढून जावे लागते. रंग हाताच्या अंतरावर येतात आणि हजार वर्षांपूर्वीच्या कुंचल्याचे फटकारेही दिसतात. संत ऑर्सोच्या चर्चमध्ये १९९९ मध्ये उत्खनन करताना मुख्य वेदीजवळच्या जमिनीखाली मध्ययुगीन मोझाइक सापडले. मध्यभागी सिंहाशी झुंजणारा सॅमसन आणि भोवती उलटसुलट कसेही वाचले तरी सारखेच राहणारे लॅटिन वाक्य. कॅथीड्रलच्या खजिन्यात इ. स. ४०६ मधील, सम्राट होनोरियसची आकृती कोरलेली हस्तिदंती जोडपट्टी आहे. लढाया आणि सत्तांतरे यांच्या सोळाशे वर्षांतून ती सुखरूप राहिली.

भाषा आणि वारसा

फेनिसची नीतिवचने आणि इस्सोन्येच्या ओळी फ्रेंच भाषेत आहेत, हा योगायोग नव्हे. सॅव्हॉयच्या ड्यूकने १५६१ मध्ये या खोऱ्यात न्यायालयीन व सरकारी कामकाजासाठी लॅटिनऐवजी फ्रेंच भाषा लागू केली. ही भाषा लोकांच्या कानावर त्याही आधीपासून होती आणि घराघरांत फ्रेंचची भावंड असलेली पातवा बोली बोलली जात होती. १८६० मध्ये सॅव्हॉयचा मूळ प्रांत फ्रान्सकडे गेला आणि डोंगराअलीकडचे हे खोरे दुसऱ्या वर्षी स्थापन झालेल्या इटलीच्या राज्यात एकटे उरले. फासिस्ट राजवटीत शाळांतून फ्रेंच हद्दपार झाली, फ्रेंच वृत्तपत्रे बंद पडली आणि १९३९ मध्ये गावांची नावेसुद्धा इटालियन करण्यात आली. खोऱ्याच्या स्वायत्ततेचा पुरस्कर्ता एमील शानू १९४४ च्या मे महिन्यात कोठडीत मरण पावला. युद्धानंतर, २६ फेब्रुवारी १९४८ च्या विशेष घटनात्मक कायद्याने खोऱ्याला स्वायत्तता मिळाली आणि इटालियन व फ्रेंच या दोन्ही भाषांना समान दर्जा देण्यात आला. गावांना त्यांची जुनी नावे परत मिळाली. इस्सोन्येसारखे किल्लेही त्यानंतर प्रांताच्या ताब्यात आले.

आज खोऱ्यात रोजच्या व्यवहारात इटालियन भाषेचा वापर अधिक आहे, हे नाकारता येत नाही. कायद्याने दर्जा मिळाला म्हणून भाषा घरात टिकतेच असे नाही. तरीही ही भाषा येथे बाहेरून आणून बसविलेली आहे, असे कोणी म्हटलेच तर त्याला उत्तर देण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. सहाशे वर्षांपूर्वीच्या फेनिसच्या भिंतीवर ती लिहिलेली आहे.

ज्या सरदारांनी हे किल्ले बांधले, त्यांचा वंश राहिला नाही. ज्या जकातीसाठी ते बांधले, ती जकातही राहिली नाही. १९६४ मध्ये थोरल्या सेंट बर्नार्ड खिंडीखालून आणि १९६५ मध्ये माँ ब्लाँखालून बोगदे खुले झाले, तेव्हापासून खिंडीचा रस्ताही बव्हंशी हौशी प्रवाशांपुरता उरला. जे राहिले, ते कोणी तरी वेळीच हात दिल्यामुळे राहिले. एका चित्रकाराने स्वतःचे द्रव्य वेचले, दुसऱ्याने गोठ्यातील गवत काढून भिंती मोकळ्या केल्या, माळ्यावरची चित्रे सापडल्यावर ती पुसून नवा रंग देण्याचा मोह कोणी तरी टाळला. आव्होंदो आणि द’आन्द्रादे यांची नावे ठाऊक आहेत. इतर अनेकांची नाहीत. १५६५ मध्ये इस्सोन्येच्या भिंतीवर धन्याच्या मृत्यूची नोंद करणाऱ्या माणसाचे नावही ठाऊक नाही. मात्र त्याने कोरलेली ओळ अद्याप वाचता येते आणि ती वाचण्यासाठी लोक अद्याप तेथे जातात.